अनुदान कोणाला मिळाले, हे विचारावे कसे? वायंगणी भुईमुगाच्या निमित्ताने

प्रश्न : गोव्यातील पेडणे तालुक्यात आमचे दोन हजार चौरस मीटर शेत आहे. पावसाळी भात कापून झाले की त्यात वायंगणी भुईमूग करतो. मागील हंगामात बियाण्यावरील अनुदानासाठी विभागीय कृषी कार्यालयात अर्ज दिला, त्याची पोच घ्यायची राहून गेली. वाड्यावरच्या काही जणांना पैसे मिळाले, आम्हांला मिळाले नाहीत. लाभार्थ्यांची यादी दाखवा म्हटले तर ‘ती इतरांची वैयक्तिक माहिती आहे’ असे उत्तर आले. सरकारचा पैसा कोणाला किती गेला हे पाहण्याचा आम्हांला हक्क आहे की नाही? आणि आमचे पैसे अडले कुठे?

उत्तर : आपण एका दमात दोन प्रश्न विचारले आहेत आणि कार्यालयात गेल्यावरही ते एकत्रच विचारले असावेत, असा माझा अंदाज आहे. ते वेगळे करणे फार आवश्यक आहे. स्वतःच्या अर्जाचे काय झाले हा एक विषय, आणि इतरांना काय मिळाले हा दुसरा. दोन्ही एकाच कागदावर लिहिले की दुसऱ्याचे निमित्त करून पहिल्यालाही उत्तर देणे टाळले जाते. अनुदानाच्या बिलांची छाननी करण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर मी शेतकऱ्यांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देत आलो आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यामुळे हे खात्रीने सांगू शकतो.

आधी आपल्या पैशांविषयी. अर्ज आवक नोंदवहीत चढतो, कृषी सहाय्यक शेतावर येऊन पाहणी करतो, त्याच्या अहवालावर विभागीय अधिकारी शिफारस करतो, मंजुरीचा आदेश निघतो, त्यावरून बिल तयार होऊन लेखा संचालनालयाकडे जाते आणि तेथून रक्कम थेट बँकेच्या खात्यात जमा होते. या वाटेवर ‘मंजूर झाले’ आणि ‘जमा झाले’ या दोन शब्दांत जे अंतर आहे, त्यात बहुतेक तक्रारी जन्म घेतात. कार्यालयाच्या दृष्टीने मंजुरीचा आदेश निघाला की फाइल संपलेली असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ती पासबुकात आकडा उमटल्यावरच संपते.

आधार क्रमांकावरून होणारे भरणे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाही, तर ज्या बँकेत आपला आधार सर्वांत शेवटी जोडला गेला त्या बँकेच्या खात्यात जाते. ही गोष्ट आजही पुष्कळांना ठाऊक नसते. एक वयस्क शेतकरी एका कार्यालयाच्या पायऱ्या सात-आठ वेळा चढून थकले होते. त्यांच्या फाइलीवर ‘रक्कम अदा’ असा शेरा होता आणि त्यांच्या सहकारी बँकेच्या पासबुकात काहीच नव्हते. अखेर पैसे सापडले ते गॅसच्या सबसिडीसाठी कधीतरी उघडलेल्या आणि नंतर विसरलेल्या खात्यात. तोवर त्यांनी निम्म्या गावाला सांगून झाले होते की आपले पैसे कोणीतरी खाल्ले. तेव्हा प्रथम आपल्या बँकेत जाऊन आधार सध्या कोणत्या बँकेशी जोडलेला आहे हे तपासून घ्यावे. त्यानंतरच स्वतःच्या अर्जाविषयी लेखी विचारणा करावी. स्वतःविषयीची माहिती स्वतःला देताना ‘वैयक्तिक’ हे कारण पुढे करता येत नाही.

आता यादीकडे वळू. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 याच्या कलम 4(1)(ख)(बारा) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, अनुदानाचे कार्यक्रम कसे राबवले जातात, त्यांना किती रक्कम दिली आहे आणि लाभार्थी कोण आहेत, हा तपशील प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपण होऊन प्रसिद्ध करावा. कोणी मागण्याची वाट पाहू नये, असा या कलमाचा रोख आहे. गोव्याला हा विचार नवा नाही. केंद्राचा कायदा येण्याच्या आधी, 1997 मध्येच या राज्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता. म्हणून गोव्यातल्या एखाद्या कार्यालयात यादी गुप्त असल्याचे ऐकले की मला राग येण्याआधी थोडे नवल वाटते.

मात्र ‘वैयक्तिक माहिती’ या उत्तराला अलीकडे अधिक बळ मिळाले आहे, हे मान्य केले पाहिजे. पूर्वी कलम 8(1)(ञ) खाली माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगी आयुष्यात विनाकारण ढवळाढवळ होईल, असे दाखवावे लागत असे. जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्तीही तेथे होती. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने ही सारी वाक्ये काढून टाकली आणि ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द ठेवले. हा बदल नोव्हेंबर 2025 मध्ये अंमलात आला. या बदलावर माझा आक्षेप आहे. परंतु त्याने कलम 4 ला हात लावलेला नाही आणि कलम 8(2) सुद्धा जागेवर आहे. गुप्ततेने जपले जाणारे हित आणि सार्वजनिक हित यांची तुलना करून सार्वजनिक हित मोठे ठरल्यास माहिती देता येते, असे 8(2) सांगते. जे स्वतःहून प्रसिद्ध करणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे, ते मागितल्यावर वैयक्तिक कसे ठरते, हा मुद्दा माझ्या मते आजही भक्कम आहे. आपल्या अर्जात या दोन्ही कलमांचा उल्लेख करावा. कलमे पाहिली की नकार देणाऱ्याला निदान कारण लिहावे लागते, आणि लिहिलेल्या कारणावर अपील करता येते. तोंडी नकारावर काहीच करता येत नाही.

यादी मिळाली तरी नुसत्या नावांचा फारसा उपयोग नसतो. नावांपुढे क्षेत्र, सर्व्हे नंबर, बियाण्याचे वजन, रक्कम, पाहणीची तारीख आणि रक्कम जमा झाल्याची तारीख नसेल तर त्या यादीवरून केवळ वाड्यावर कुजबुज होते, पडताळणी होत नाही. पैसा आदेशापासून शेतापर्यंत मागे मागे नेता आला पाहिजे. एक उदाहरण सविस्तर देतो. भुईमुगाला हेक्टरी साधारण 100 ते 125 किलो दाणे बियाणे म्हणून लागतात. जात उपटी की पसरी आणि दाणा केवढा यावर थोडे कमीजास्त होते. म्हणजे आपल्या दोन हजार चौरस मीटरला 20 ते 25 किलो पुरतात. एवढ्याच क्षेत्रावर कोणाच्या नावे 80 किलोंचे अनुदान उचललेले दिसले, तर एकतर क्षेत्र चुकीचे नोंदले आहे किंवा बियाणे दुसरीकडे गेले आहे. हा हिशेब करायला कोणाच्या खासगी आयुष्यात डोकवावे लागत नाही. भागाकार येणाऱ्या कोणालाही तो जमतो.

तारखांचेही तसेच आहे. आपल्याकडे वायंगणी भुईमूग भात कापल्यावर, नोव्हेंबर-डिसेंबरात जमिनीतली ओल धरून पेरला जातो आणि मार्च-एप्रिलपर्यंत उपटून होतो. एका जुन्या प्रकरणात कार्यालयातील जाडजूड फाइल माझ्या हाती आली. पाहणीचे अहवाल एकाच शाईत, एकाच हस्ताक्षरात, ‘पीक समाधानकारक’ या एकाच शेऱ्यासह होते आणि त्यांवर मे महिन्याची तारीख होती. मे महिन्यात त्या शेतांत गुरे चरत असतात. फाइलीत पुढे बियाणे खरेदीची बिले होती. त्यांचे क्रमांक एकापाठोपाठ एक होते आणि सगळी एकाच दिवसाची. वेगवेगळ्या वाड्यांवरचे शेतकरी एकाच दुकानात, एकाच रांगेत, मध्ये एकही परके गिऱ्हाईक न येता उभे राहिले असावेत! यात पैसे खाल्ले गेले होते असे मी म्हणत नाही. पुढे चौकशीत निघाले ते एवढेच की पाहणी झालीच नव्हती आणि वर्षअखेरीनंतर कागद पुरे करण्यात आले होते. पण ज्यांनी खरोखर पेरले होते आणि ज्यांनी नव्हते, त्या दोघांनाही सारखाच लाभ मिळाला, आणि उशिरा आलेले प्रामाणिक अर्ज ‘तरतूद संपली’ म्हणून परत गेले. आपला अर्ज अशाच कारणाने मागे पडला असणे अशक्य नाही.

म्हणून केवळ लाभार्थ्यांची यादी मागू नये. तिच्याबरोबर नामंजूर आणि प्रलंबित अर्जांची यादी व त्यांवरील शेरे मागावेत. माझ्या अनुभवात जी यादी सहज मिळते तिच्यात फारसे काही सापडत नाही; जे सापडते ते नाकारलेल्यांच्या यादीत. दहा अर्ज एकाच दिवशी एकाच कारणाने नामंजूर झालेले दिसले की पुढचा प्रश्न आपोआप सुचतो.

अर्जातील शब्दांविषयी एक सावधगिरी सांगतो. ‘तेलबियांचे अनुदान’ असे मोघम लिहिल्यास ‘निरंक’ असे उत्तर येण्याची दाट शक्यता आहे, आणि ते खोटेही नसेल. सरकारी आकडेवारीत भुईमूग, तीळ, सोयाबीन, मोहरी, सूर्यफूल, करडई, कारळे, एरंड आणि जवस अशी नऊ पिके तेलबिया मानली जातात. नारळ त्यांत नाही, जरी गोव्याच्या स्वयंपाकघरात तेल म्हटले की खोबरेल आधी आठवत असले तरी. नारळाच्या योजना नारळ विकास मंडळाकडून किंवा राज्याच्या आधारभूत किमतीच्या योजनेतून येतात. तेलमाडासाठी (ज्यापासून पाम तेल निघते) 2021 पासून वेगळे राष्ट्रीय अभियान आहे. आणि तेलबियांसाठी ऑक्टोबर 2024 मध्ये 10,103 कोटी रुपयांचे आणखी एक अभियान मंजूर झाले, ज्याचा काळ 2030-31 पर्यंतचा आहे. या प्रत्येकाचा हिशेब निराळ्या वहीत असतो. त्यामुळे योजनेचे नेमके नाव, आर्थिक वर्ष आणि शक्य असल्यास अर्थसंकल्पातील लेखाशीर्ष, म्हणजे तो खर्च ज्या क्रमांकाखाली नोंदला जातो ते, लिहावे. पीक संवर्धनाचे मुख्य शीर्ष 2401 आहे आणि त्याखाली 114 हे गौण शीर्ष तेलबियांच्या विकासासाठी आहे. लेखाशीर्ष लिहिलेला अर्ज पाहिल्यावर समोरचा कारकून खुर्चीत जरा सावरून बसतो, हे मी स्वतः त्या खुर्चीत बसून अनुभवलेले आहे.

नारळाविषयी आणखी एक गोष्ट ओघात सांगतो, कारण आपल्याकडे माडही असतीलच. आधारभूत किमतीच्या योजनेत शेतकऱ्याला मिळते ती ठरवलेली किंमत आणि बाजारभाव यांतील तफावत. बाजार चढा असेल तेव्हा तफावतच उरत नाही. तेव्हा एखाद्या वर्षी यादी रिकामी दिसली म्हणून लगेच घोटाळ्याचा संशय घेऊ नये. उलट भाव तेजीत असतानाही मोठ्या रकमा वाटलेल्या दिसल्या तर मात्र विक्रीची बिले अवश्य मागावीत.

‘आम्हांला अनुदान का दिले नाही?’ हे वाक्य अर्जात लिहू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये दिलेल्या निकालानुसार, माहिती म्हणजे कागदावर उपलब्ध असलेली गोष्ट. ‘का’ या प्रश्नाचे स्पष्टीकरण माहिती अधिकाऱ्याकडून मागता येत नाही. या निकालाचा आधार घेऊन गोव्यात असंख्य अर्ज निकाली निघतात. त्याऐवजी ‘माझ्या अर्जावरील टिपणीची प्रत’, ‘पाहणी अहवालाची प्रत’, ‘अमुक वर्षातील या योजनेच्या मंजुरी आदेशांच्या सर्व प्रती’ असे मागावे. ‘का’चे उत्तर टिपणीत लिहिलेले असतेच. त्याहून चांगला मार्ग म्हणजे कलम 2(ञ) खाली फाइल प्रत्यक्ष पाहण्याची परवानगी मागणे. प्रतींत जे दिसत नाही ते फाइल समोर आल्यावर दिसते: खाडाखोड, मागाहून चिकटवलेला कागद, पान क्रमांकांमधली गाळलेली जागा. जाताना वही-पेन न्यावे आणि शक्य असल्यास शेती कळणारा एखादा शेजारी बरोबर असावा.

मुदतींविषयी थोडक्यात. अर्जाचे शुल्क 10 रुपये. उत्तर 30 दिवसांत यायला हवे. न आल्यास तो नकार समजून 30 दिवसांच्या आत पहिले अपील त्याच खात्यातील वरिष्ठांकडे करावे, आणि तेथेही न्याय न मिळाल्यास 90 दिवसांच्या आत गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाठवण्याची जबाबदारी त्या कार्यालयाची आहे, आपली नाही.

यादी उघड करण्याला माझा पाठिंबा असला तरी दुसरी बाजू मी हलकी मानत नाही. युरोपीय न्यायालयाने नोव्हेंबर 2010 मध्ये, शेती अनुदान घेणाऱ्या व्यक्तींची नावे सरसकट इंटरनेटवर टाकण्याची तरतूद रद्द ठरवली होती. त्यानंतर 2013 मध्ये नवा नियम झाला, ज्यात नावे प्रसिद्ध करण्याचे तत्त्व राहिले, परंतु अगदी लहान रकमा घेणाऱ्यांची नावे वगळण्यात आली. हा विचार आपल्याकडे जसाच्या तसा आणता येणार नाही. गोव्यात बहुतेक सगळेच लहान रकमेचे, मग वगळता वगळता यादीच उरणार नाही. मात्र काय उघड करू नये याबद्दल ठाम असले पाहिजे. आधार क्रमांक प्रसिद्ध करण्यास आधार कायद्याच्या कलम 29 ने मनाई केली आहे, तरी 2017 मध्ये अनेक सरकारी संकेतस्थळांवर लाभार्थ्यांचे आधार क्रमांक खुलेआम दिसत होते. बँक खाते, फोन नंबर, जातीचा किंवा अपंगत्वाचा रकाना यांची गरज पडताळणीला नसते. आपल्या अर्जात ‘हे तपशील काळ्या शाईने झाकून द्यावेत’ असे स्वतःहून लिहावे. कलम 10 नुसार झाकण्याजोगा भाग वेगळा काढून उरलेली माहिती देता येते, आणि असे लिहिल्याने ‘वैयक्तिक’ या आक्षेपातील अर्धी हवा निघून जाते.

माहिती बाहेर आल्याने काय साधते, असे कोणी विचारले तर पीएम-किसानचे उदाहरण पुरे आहे. 2021 च्या आरंभी माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरातूनच कळले की या योजनेचे सुमारे 1,364 कोटी रुपये 20.48 लाख अपात्र व्यक्तींना गेले होते, आणि त्यांत निम्म्याहून अधिक आयकर भरणारे होते. हे आकडे सरकारकडे होतेच. विचारणारा कोणीतरी लागला.

अर्ज न करताही पाहता येण्यासारखी एक जागा गोव्यात आहे आणि तिचा वापर फार कमी होतो. विधानसभेत आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे, ज्यांना सगळे ‘एलएक्यू’ म्हणतात, ती विधानसभेच्या संकेतस्थळावर असतात आणि पुष्कळ उत्तरांना तालुकावार लाभार्थ्यांची परिशिष्टे जोडलेली असतात. ज्या यादीसाठी आपल्याला परत पाठवले, तशीच एखाद्या जुन्या वर्षाची यादी तेथे आधीच छापलेली सापडू शकते. तसे झाल्यास तिची प्रत आपल्या अपिलाला जोडा. परिशिष्टातल्या ‘खर्च’ या शब्दाकडे मात्र जपून पाहावे. जुलै 2021 पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा राज्यातील एका नोडल (त्या योजनेसाठी नेमलेल्या) संस्थेच्या खात्यात ठेवण्याची पद्धत आली. तेथे रक्कम गेली की कोषागाराच्या दृष्टीने खर्च पडला. शेतकऱ्याच्या खात्यात ती कदाचित पुढच्या हंगामात पोहोचेल. खर्चाचा आकडा आणि जमा रकमांची बेरीज यांत फरक दिसला तर आधी हा खुलासा विचारावा आणि मगच आरोपाची भाषा करावी.

शेवटी पुन्हा आपल्या अर्जाकडे येतो. पोच नसल्यामुळे अर्ज मिळालाच नाही असे कार्यालय म्हणू शकते. त्यावर उपाय म्हणजे ज्या आठवड्यात आपण गेला होतात त्या आठवड्यातील आवक नोंदवहीची पाने तपासणीसाठी मागणे. अर्ज तेथे चढला असेल तर आपली बाजू उभी राहते. चढला नसेल तर मागील हंगामाचे पैसे मिळण्याची आशा मी तरी दाखवणार नाही. यंदा अर्जाच्या दोन प्रती न्या, कृषी कार्डाची व एक-चौदाच्या (जमिनीच्या नोंदीच्या) उताऱ्याची प्रत आणि बियाण्याचे बिल जोडा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का उमटल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.